मासळीच्या खोक्यातून अंडी उबवायचा डबा: सगळीकडे सारखी ऊब आणि रात्री निर्धास्त झोप

नवी मुंबईतल्या घणसोली गावात आमचं जुनं घर आहे, मागे पडवी आणि पडवीत आईच्या गावठी कोंबड्या. आजूबाजूला कितीही टॉवर उभे राहिले तरी गावठाणात अजून बऱ्याच घरांत चार-सहा कोंबड्या असतातच. पण खुडूक कोंबडी आपल्याला पाहिजे तेव्हा मिळत नाही, मिळाली तरी दहा-बारा अंड्यांच्या वर तिच्या पोटाखाली मावत नाहीत, म्हणून मी इन्क्युबेटर घरीच बनवायला घेतला. आतापर्यंत तीन बनवले, पहिला फुकट गेला, दुसऱ्यात जेमतेम अर्धी पिल्लं निघाली, तिसरा अजून चालू आहे आणि हा लेख त्याच तिसऱ्याचा आहे.

पहिल्याचं आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच ठरलं. वर मधोमध ६० वॅटचा एक बल्ब, खाली अंडी, फॅन नाही, थर्मोस्टॅट (तापमान बघून बल्ब बंद-चालू करणारी प्लेट) एकच. सोळाव्या दिवशी पहाटे कधीतरी थर्मोस्टॅटचा रिले, म्हणजे त्यातला वीज जोडणारा-तोडणारा स्विच, आतल्या आत चिकटला. म्हणजे रिले बंद झाल्याचं दिसत होतं, त्याची लाल लाईटपण विझलेली होती, पण बल्ब मात्र चालूच. सहा वाजता झाकणाला हात लावला तेव्हाच कळलं काहीतरी बिघडलंय, डिस्प्लेवर ४७. आत २६ अंडी होती. एक फोडून बघितलं, पिल्लू ओल्या पिसांसकट तयार, कवच फोडायला चोचीच्या टोकावर जो पांढरा दाणा येतो तोपण आलेला. पुढचं एकही फोडायची हिंमत झाली नाही, सगळी पेरूच्या झाडाखाली पुरली.

त्यामुळे माझं मत पक्कं झालंय. थर्मोस्टॅट कुठला घेतला हा प्रश्न दुय्यम आहे, एक वस्तू बिघडली तर अंडी आणि घर दोन्ही वाचतील का, आणि डिस्प्लेवर जो आकडा दिसतो तोच कोपऱ्यातल्या अंड्यालापण मिळतोय का, हे दोन प्रश्न आधी. या दोन्हीची उत्तरं मिळाल्याशिवाय डब्यात अंडं ठेवायचं नाही.

खोका

मासळीचा थर्माकोलचा खोका सगळ्यात बरा. मी दिवाळे गावच्या मासळी बाजारातून आणला, ओळखीच्या मावशींनी फुकटच दिला, बर्फ संपला की त्यांना तो अडगळच असतो. आतून साधारण ६० बाय ४० सेंटिमीटर, उंची ३५, भिंत अडीच सेंटिमीटर जाड, यात ३० गावठी अंडी आरामात बसतात. साबणाने दोनतीनदा धुवा आणि दोन दिवस उन्हात ठेवा, वास जायलाच पाहिजे. तडा गेलेला खोका घेऊ नका, पाणी झिरपतं आणि एका कोपऱ्यातून ऊब निसटत राहते.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवूनच पुढचं काम करायचं, थर्माकोल ऊब छान धरतो पण साधारण ८०-९० अंशांच्या पुढे मऊ पडून आक्रसायला लागतो आणि पेटला तर काळा विषारी धूर काढत भराभर जळतो. म्हणून बल्बची काच आणि थर्माकोल यात कमीत कमी ७-८ सेंटिमीटर अंतर, आणि बल्बच्या तिन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा पत्रा, तोपण थर्माकोलला चिकटवून नाही तर मध्ये एक सेंटिमीटर हवा सोडून. पत्रा मला रबाळे एमआयडीसीत भंगारवाल्याकडे मिळाला. ज्यांना सुतारकाम येतं त्यांनी प्लायची पेटी करून तिला आतून थर्माकोल लावला तर जास्त टिकाऊ होईल.

झाकणात हाताच्या पंजाएवढी खिडकी कापून काच किंवा अॅक्रिलिक बसवा. ही हौस समजू नका, शेवटचे तीन दिवस झाकण उघडायचं नसतं तेव्हा या खिडकीशिवाय तुम्हाला राहवणार नाही. हवेसाठी चार भोकं, बोट जाईल एवढी, दोन खाली एका बाजूला आणि दोन वर समोरच्या बाजूला. कवचातून पिल्लू श्वास घेत असतं, त्यामुळे डबा हवाबंद करायचा नाही.

किती वॅट लागतात

इथे बहुतेक जण चुकतात, मीपण चुकलो होतो, वाटतं मोठा बल्ब लावला की काम पक्कं. साधा हिशोब करा. या मापाच्या खोक्याच्या भिंतीतून आत-बाहेरच्या फरकाच्या दर अंशामागे साधारण सव्वा ते दीड वॅट ऊब बाहेर जाते. पावसाळ्यात बाहेर २७ अंश आणि आत ३७.७, फरक जवळपास ११, म्हणजे १५ वॅट पुरे. जानेवारीच्या पहाटे घरात १७-१८ झालं तर फरक २० चा, ३० वॅट. बस एवढंच! त्यामुळे मी २५ वॅटचे दोन फिलामेंट बल्ब लावतो, दोन्ही पॅरलल जोडलेले. एक उडाला तर बहुतेक महिने दुसरा एकटा डबा सांभाळतो, थंडीत थोडा कमी पडेल पण अंडी मरणार नाहीत, आणि खिडकीतून एकच बल्ब दिसला की बदलायचा.

मोठ्या बल्बचा तोटा असा की तो दोन मिनिटं पेटतो, एकदम ताप देतो, बंद होतो, परत पेटतो, तापमान वरखाली उड्या मारत राहतं आणि रिलेवरपण जास्त ताण येतो. छोटा बल्ब बराच वेळ पेटलेला राहतो आणि ऊब स्थिर मिळते. एलईडी बल्ब चालणार नाही, तो तापतच नाही म्हणायला हरकत नाही. फिलामेंटचे बल्ब आता सगळ्या दुकानांत ठेवत नाहीत, जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा आणि मिळाले की चार-सहा जास्तीचे घेऊन ठेवा. होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लॅस्टिकचा होल्डर २१ दिवस सतत तापून ठिसूळ होतो.

आतली रचना

बल्ब अंड्यांच्या डोक्यावर अजिबात नको. वरून बल्ब असला की मधली अंडी भाजतात आणि कोपऱ्यातली थंड राहतात, माझ्या पहिल्या डब्यात मध्य आणि कोपरा यात तीन अंशांचा फरक होता, हे मला नंतर मोजल्यावर कळलं.

खोक्याच्या लांबीत एका टोकाला २० सेंटिमीटर सोडून अॅल्युमिनियमच्या पत्र्याची आडवी भिंत उभी करा, म्हणजे दोन खोल्या झाल्या, छोटी बल्बची आणि मोठी अंड्यांची. या भिंतीत वरच्या बाजूला कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा ८० मिलिमीटरचा फॅन बसवा, तोंड अंड्यांच्या खोलीकडे. भिंतीच्या खाली चार सेंटिमीटर फट सोडा. आता फॅन गरम हवा झाकणाच्या खालून समोरच्या टोकापर्यंत फेकतो, हवा तिथे खाली वळते, अंड्यांमधून आणि जाळीखालून परत येते आणि खालच्या फटीतून पुन्हा बल्बकडे जाते. पाण्याचा ट्रे जाळीखाली, या परतीच्या वाटेवर. हवा अशी गोल फिरत राहिली की कोपरे आपोआप भरतात. फॅनचा झोत थेट अंड्यांवर येऊ देऊ नका, तो झाकणाला समांतर जायला पाहिजे, थेट वारा लागलेली अंडी जास्त सुकतात.

अंड्यांसाठी खाली बारीक जाळी, तळापासून आठ-दहा सेंटिमीटर वर, आणि चारही भिंतींपासून तीन सेंटिमीटर जागा मोकळी. जागा वाया जाते म्हणून भिंतीपर्यंत अंडी भरलीत की हवेची वाट बंद झाली समजा.

फॅन थर्मोस्टॅटवर जोडायचा नाही. तो २१ दिवस अखंड चालू पाहिजे, बल्ब बंद असतानासुद्धा.

वायरिंग, हा भाग घाईत वाचू नका

ज्यांनी कधी २३० व्होल्टला हात लावलेला नाही त्यांनी एवढं काम ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या, त्याचे दोन-तीनशे रुपये देण्यात कमीपणा नाही. काय करायचंय ते मात्र तुम्हाला कळलं पाहिजे.

थर्मोस्टॅट मी डब्ल्यू १२०९ वापरतो, १२ व्होल्टवर चालतो, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात की कुठल्याही दुकानात मिळेल, सोबत वायरीच्या टोकाला धातूच्या टोपीतला सेन्सर येतो. असे दोन घ्या. शिवाय केएसडी ३०१ नावाचा बटणाएवढा कटआउट, ५० अंशाला तुटणारा, नॉर्मली क्लोज्ड (म्हणजे एरवी जोडलेला राहणारा) सांगून घ्या.

फेज वायरचा रस्ता असा: तीन पिनचा प्लग, मग २ अँपिअरचा फ्यूज, मग केएसडी, मग दुसऱ्या थर्मोस्टॅटचा रिले, मग पहिल्या थर्मोस्टॅटचा रिले, तिथून दोन्ही बल्ब, आणि बल्बमधून न्यूट्रल सरळ परत. म्हणजे तिघं एका साखळीत. पहिला थर्मोस्टॅट रोजचं काम करतो, ३७.७ वर बंद. दुसरा ३८.६ वर लावलेला, त्याचा सेन्सर वेगळा, एरवी त्याचा रिले कायम जोडलेलाच राहतो आणि काहीच करत नाही, त्यामुळे तो झिजतपण नाही. पहिला चिकटला तर हा तोडतो आणि अंडी वाचतात. दोन्ही फसले किंवा १२ व्होल्टचा अॅडॅप्टर विचित्र वागला तरी केएसडी ५० ला तोडतो. तोपर्यंत अंडी गेलेली असतील, पण घराला आग लागणार नाही. केएसडी झाकणाच्या खालच्या बाजूला फॅनच्या तोंडाजवळ बसवा, फॅन चालू असताना सगळ्यात गरम हवा तिथेच असते. ४५ चा मिळतो पण त्यात चार-पाच अंश इकडेतिकडे असतं, उगाच मध्येच तोडत बसेल. फॅन बंद पडला की ऊब बल्बच्या खोलीतच साठते, म्हणून तिथे वरच्या बाजूला ७२ अंशांचा थर्मल फ्यूजपण साखळीत टाकलात तर फारच उत्तम, मी टाकलाय.

रिले फेजमध्येच पाहिजे. न्यूट्रलमध्ये टाकला तरी बल्ब बंद-चालू होतो आणि सगळं बरोबर वाटतं, पण बल्ब बंद असतानापण होल्डरमध्ये करंट उभा असतो आणि ओल्या हाताने पाण्याचा ट्रे भरताना तोच नडतो.

अॅल्युमिनियमच्या भिंतीला हिरवी अर्थिंगची वायर स्क्रूने घट्ट लावा. घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या, पाणी, धातू आणि वीज एका खोक्यात ठेवताय. थर्मोस्टॅटची प्लेट उघडी ठेवायची नाही, तिच्या मागच्या बाजूला २३० व्होल्ट उघड्यावर असतात, दोन्ही प्लेटी खोक्याच्या बाहेर प्लॅस्टिकच्या स्विचबोर्डच्या डब्यात बसवा. आत जाणाऱ्या वायरी वरून आत घ्या, आणि बाहेर प्रत्येक वायरीला थोडा खाली लोंबता वळसा द्या म्हणजे वाफेचं पाणी वायरीवरून घरंगळत बोर्डात जाणार नाही. आयएसआय वायर, जोड सगळे कनेक्टरमध्ये, नुसती टेप गुंडाळून काम चालवू नका.

आकडा खरा आहे का

डब्ल्यू १२०९ मध्ये सेट बटण थोडा वेळ दाबून धरलं की पी ०, पी १ असे पर्याय येतात. पी ० मध्ये सी असेल तर तो थंड करायच्या मोडमध्ये आहे, तो एच करा, नाहीतर उलटंच चालेल. पी १ म्हणजे किती खाली गेल्यावर परत चालू व्हायचं, तिथे आधी २ असतं, म्हणजे दोन अंशांचा झोका, ते ०.२ करा. पी ४ मध्ये सेन्सरची चूक दुरुस्त करता येते.

ही चूक शोधायला महागडं काही लागत नाही. आपला तापाचा डिजिटल थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात, ३७-३८ ला, सगळ्यात अचूक असतो. एका जाड मगात कोमट पाणी घ्या, सेन्सरची धातूची टोपी आणि थर्मामीटरचं टोक दोऱ्याने एकत्र बांधा, बुडवा, हळूहळू ढवळत राहा. थर्मामीटर बीप देईल तेव्हा दोन्ही आकडे बघा. असं तीनदा करा. माझ्या एका सेन्सरमध्ये १.१ अंशाचा फरक निघाला, म्हणजे डिस्प्लेवर ३७.७ आणि आत खरं ३८.८! हा एक अंश अंड्यासाठी फार मोठा आहे.

फॅन असलेल्या डब्यात कोंबडीच्या अंड्याला ३७.५ ते ३७.८ लागतं, फॅरनहाइटमध्ये ९९.५ ते १००. सेन्सर अंड्यांच्या वरच्या पातळीला, मधोमध, भिंतीपासून आणि बल्बच्या थेट उजेडापासून लांब लटकवा.

४८ तास रिकामा

डबा चालू केला, आकडा आला, आनंद झाला, लगेच अंडी भरली, असं करू नका. दोन पूर्ण दिवस आणि दोन पूर्ण रात्री तो तुमच्या डोळ्यांसमोर चालू द्या. अंड्यांच्या जागी पाण्याने भरलेल्या छोट्या बाटल्या ठेवा म्हणजे आत वजन राहतं.

आता औषधाची रिकामी छोटी काचेची बाटली घ्या, पाण्याने भरा, तिच्यात दुसऱ्या एखाद्या डिजिटल थर्मामीटरचा सेन्सर सोडा. हवेचा आकडा सारखा नाचतो, पाण्याचा नाचत नाही, अंड्याच्या आत काय चाललंय त्याचा हा बऱ्यापैकी खरा अंदाज आहे. ही बाटली चारही कोपऱ्यांत आणि मध्ये, प्रत्येक ठिकाणी तासभर, जिथे अंडं असेल त्याच उंचीवर ठेवा. पाच आकडे कागदावर लिहा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यात अर्ध्या अंशाच्या आतला फरक पाहिजे. माझ्या तिसऱ्या डब्यात पहिल्या दिवशी ०.९ होता, फॅनपासून लांबचा डावा कोपरा थंड. फॅन थोडा डावीकडे तिरका केला, त्या कोपऱ्याजवळचं एक भोक टेपने अर्धं झाकलं, भिंतीखालची फट एका बाजूला थोडी वाढवली, ०.३ वर आला. या खटपटीत एक आख्खा रविवार गेला आणि मला वाटतं पूर्ण कामातला सगळ्यात सत्कारणी लागलेला दिवस तोच.

मग मुद्दाम बिघाड करून बघा. पहिल्या थर्मोस्टॅटच्या रिलेला वायरमनकडून तात्पुरता शॉर्ट देऊन घ्या, प्लग काढलेला असतानाच, आणि दुसरा खरंच ३८.६ ला तोडतो का ते बघा. लावलेली सेफ्टी कधी तपासलीच नाही तर ती आहे की नाही ते कळणार कसं. डबा फरशीवर ठेवा, पडदा, गादी, कपाट यांच्यापासून लांब, ऊन आणि खिडकीचा वारा थेट लागणार नाही असा.

ह्युमिडिटी, आणि आपली खाडीची हवा

सगळीकडे लिहिलेलं असतं ट्रेमध्ये पाणी भरा. ठाण्या-नवी मुंबईत ते जसंच्या तसं धरलंत तर पावसाळ्यात अंडी आतल्या आत बुडवाल. पहिल्या १८ दिवसांत ह्युमिडिटी, म्हणजे हवेतली ओल, ४५ ते ५५ टक्के पाहिजे. जुलैत बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के ह्युमिडिटी असली तर तीच हवा डब्यात ३७.७ पर्यंत तापल्यावर ४६ टक्क्यांवर येते, कारण गरम हवेत जास्त पाणी मावतं. म्हणजे एक थेंबही पाणी न घालता काम झालं. मेमध्ये ३३ अंश आणि ६५ टक्के धरलं तर आत ५०. पण जानेवारीच्या पहाटे १७ अंश आणि ७० टक्के असेल तर आत फक्त २१ उरतात, तेव्हा ट्रे भरलेला पाहिजे, कधी दोन. पाण्याच्या खोलीपेक्षा त्याचं वरचं क्षेत्र महत्त्वाचं, पसरट ट्रे घ्या.

स्वस्तातले मीटर पाच-दहा टक्के चुकतात. मीठ घेऊन तपासा, बाटलीच्या झाकणात जाडं मीठ, त्यात थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं झालं की मीटरसोबत झिपच्या पिशवीत आठ-दहा तास बंद करा, मीटरने ७५ दाखवायला पाहिजे, जो फरक येईल तो लक्षात ठेवा.

पण मी मीटरपेक्षा तराजूवर विश्वास ठेवतो. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्क्यांनी कमी व्हायला पाहिजे. दहा अंडी एकत्र किचनच्या काट्यावर ठेवा, ४५० ग्रॅम भरली तर नवव्या दिवशी ४२३ च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ३९६ च्या आसपास. वजन कमी घटलं तर पाणी काढा, जास्त घटलं तर वाढवा.

अंडी

दुकानातल्या ट्रेमधली अंडी चालत नाहीत, त्या कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतो. जिथे आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे तिथली घ्या, ओळखीच्या घरातून घ्या. बर्ड फ्लू आपल्या ठाणे जिल्ह्याला नवा नाही, फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात वेहळोलीला आला होता, त्यामुळे कुठे पक्षी मेल्याची कुणकुण असेल तर तिकडची अंडी आणू नका.

सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. धुवायची नाहीत, कवचावरचा नैसर्गिक थर निघून जातो आणि जंतूंना वाट मिळते, शेण लागलेलं असेल तर ते अंडं सरळ भाजीला. साठवताना टोकदार बाजू खाली. आमच्याकडे उन्हाळ्यात घरातच ३३-३४ असतं, अशा हवेत अंडं अर्धवट सुरू होऊन आत मरतं, म्हणून आई ओल्या वाळूवर रिकामा माठ ठेवून त्यात कापडावर अंडी ठेवते आणि वर ओलं फडकं. फ्रीज खूप थंड पडतो.

२१ दिवस

अंडी ठेवली की तापमान एकदम खाली येतं आणि परत वर यायला सहा-आठ तास लागू शकतात. इथे हात आवरायचा, सेटिंग वाढवायची नाही.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. रोज तीन किंवा पाच वेळा उलटायचं, विषम आकडा अशासाठी की रात्रीचा लांब वेळ रोज वेगळ्या बाजूवर जातो. उलटवलं नाही तर पिल्लू कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतं. हात धुऊन, आणि सगळं दोन-तीन मिनिटांत उरकून झाकण बंद.

सातव्या दिवशी रात्री लाईट बंद करून मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याचं भोक धरा आणि अंड्याचं रुंद टोक त्यावर टेका. जिवंत अंड्यात लाल शिरा कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात, मध्ये एक काळा ठिपका, आणि थोडा वेळ थांबलात तर तो हलतो. पहिल्यांदा तो हलताना बघितला तेव्हा मी माझ्या मुलीला झोपेतून उठवून दाखवला होता. स्वच्छ पिवळं दिसलं तर अंडं रिकामं, रक्ताची गोल कडी दिसली तर मेलेलं, दोन्ही काढून टाका, आत राहिलं की सडून फुटतं. चौदाव्या दिवशी परत एकदा.

शेवटच्या आठवड्यात पिल्लं स्वतः ऊब सोडायला लागतात, बल्ब कमी वेळ पेटतो, तेव्हा रोज बाटलीतला आकडा बघत जा.

आणि लाईट गेली तर? पावसाळ्यात जातेच. घाबरू नका, थंडीपेक्षा जास्त ताप अंड्याला लवकर मारतो. मी पहिल्यांदा धावाधाव करत होतो तेव्हा आई म्हणाली, "अरे, खुडूक कोंबडी रोज उठते, दाणा खाते, फिरून येते, मग बसते, तिची पिल्लं मरतात का?" दोन-तीन तासांपर्यंत झाकण बंद ठेवून वर गोधडी टाका, भोकं मोकळी ठेवून. त्याहून जास्त वेळ असेल तर कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेला. घरी इन्व्हर्टर असेल तर फॅनसकट सगळं त्यावर घ्या, लोड साठ वॅटच्या आतच आहे. वीज एकूण २१ दिवसांत दहा-बारा युनिट जाते.

अठराव्या दिवसानंतर

उलटवणं बंद. ह्युमिडिटी ६५ ते ७०, ट्रेमध्ये ओला स्पंज ठेवला की वाढते. जाळीवर खरबरीत कापड पसरा, घसरड्या जागेवर पिल्लांचे पाय फाकतात. हवेची भोकं सगळी पूर्ण उघडी. झाकण बंद, आता परत उघडायचं नाही.

विसाव्या दिवशी खिडकीला कान लावलात तर आतून बारीक चिवचिव येते, कवच अजून अख्खं असतानाच. मग एका अंड्यावर छोटी चांदणी उमटते, तडा. तिथून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात आणि मधले कित्येक तास ते नुसतं पडून असतं. मदत करावीशी वाटते, करू नका. ते तेव्हा रक्त आणि उरलेला बलक आत ओढून घेत असतं, तुम्ही कवच सोललं तर शिरा तुटतात. आणि एकाला मदत करायला झाकण उघडलं की ओल निघून जाते, बाकीच्यांचा पापुद्रा सुकून पिल्लांना आवळून बसतो. दुसऱ्या डब्यात माझी चार पिल्लं अशीच गेली, चोच बाहेर आलेली आणि तिथेच अडकली.

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच सगळी निघाली आणि नाभी ओली दिसली तर तापमान जास्त होतं. बावीस-तेवीस दिवस लागले तर कमी. काही लवकर आणि काही दोन दिवस उशिरा, तर कोपऱ्यांत फरक आहे, परत बाटली घेऊन मोजायला बसा.

निघालेली पिल्लं पूर्ण सुकेपर्यंत, साधारण दिवसभर, आतच राहू द्या. पोटात बलक असतो, दोन दिवस दाणापाणी नसलं तरी चालतं. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात तूस पसरून एका बाजूला बल्ब, त्याखाली पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. बल्बखाली गर्दी करून चिवचिव करत असतील तर थंडी वाजतेय, लांब पळून चोची उघड्या टाकल्या असतील तर तापतंय. पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि त्यात गोट्या टाका, बुडून मरतात. मानमोडीसाठी (राणीखेत रोगासाठी) लासोटाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा.

डबा रिकामा झाला की कवचं आणि लव काढून साबणाच्या पाण्याने पुसा, पंख्यात अडकलेली लव ब्रशने काढा, ती बल्बवर पडली तर जळते. दिवसभर ऊन द्या. मग दोन्ही सेन्सर परत कोमट पाण्याच्या मगात तपासा, एका बॅचनंतर माझा ०.४ सरकला होता. रिले, केएसडी, आरसीसीबीचं टेस्ट बटण, सगळं एकदा करून बघा, तारीख झाकणावर मार्करने लिहा, आणि परत ४८ तास रिकामा चालवून मगच पुढची अंडी ठेवा.